सभासद शिक्षण : पुस्तिका आधी, बटण मागाहून
(सायंटिफिक कॅल्क्युलेटर शिकण्याचा पाठ)



ज्या घरात अकरावी-बारावीचे, आयटीआयचे किंवा डिप्लोमाचे लेकरू आहे, त्या घरात सायंटिफिक कॅल्क्युलेटर असतोच. पुष्कळ मोबाइलमध्येही फोन आडवा धरला की तो दिसतो. म्हणजे यंत्र घरात आले. पण त्याच्यासोबत आलेली बारीक अक्षरांची घडीची पुस्तिका? ती बहुतेक घरी खोक्याबरोबरच चुलीत जाते. ह्या पाठात त्या पुस्तिकेबद्दल चार गोष्टी सांगायच्या आहेत. आणि त्या आपल्याच उसाच्या, जमिनीच्या व कर्जाच्या आकड्यांवरून सांगायच्या आहेत.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो.

एक गुंठा कुठे गेला?

आमच्या शिवारात दोन सख्ख्या भावांची वाटणी चालली होती. सगळे सुरळीत झाले, पण रस्ता आणि ओढा यांच्या बेचक्यात एक तिकोनी तुकडा उरला. तो धाकट्याने घ्यावा आणि गुंठ्याच्या हिशेबाने थोरल्याला पैसे द्यावेत, असे ठरले. मोजणीला धाकट्याचा मुलगा उभा राहिला. पोरगा डिप्लोमाला, हुशार. त्याने टेपने दोन बाजू घेतल्या, 80 मीटर आणि 60 मीटर. कंपासने मधला कोन घेतला, 75 अंश. दोन बाजूंचा गुणाकार, त्याला कोनाचा साइन, आणि त्याचे अर्धे, हे सूत्र त्याला पाठ होते. कॅल्क्युलेटरवर बटणे दाबली आणि उत्तर आले 2217.31 चौरस मीटर. गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट, म्हणजे 101.17 चौरस मीटर. भागाकार केला, 21.92 गुंठे. दुसऱ्या दिवशी कागद करायचा ठरला.

थोरल्याला मात्र चैन पडेना. तो म्हणाला, "गुरुजी, मला साइन-बिन कळत नाही. पण तिसरी बाजू मी टेपनं धरली होती, 86.7 मीटर आली. ह्याच्यावरून काही निघतं का बघा."

तिन्ही बाजू माहीत असल्या की क्षेत्रफळ काढता येते. रात्री मी कंदिलाच्या काळातल्या सवयीने आधी कागदावर आणि मग दुसऱ्या कॅल्क्युलेटरवर हिशेब केला. उत्तर आले 2318.33 चौरस मीटर, म्हणजे 22.92 गुंठे. बरोबर एक गुंठा जास्त!

सकाळी बैठकीत मी आकडा सांगितला आणि वातावरण बदलले. थोरला पुतण्याकडे बघायला लागला. धाकट्याची बायको म्हणाली, "आमच्या लेकरानं काय चोरी केली का?" पोराच्या डोळ्यांत पाणी आले. "तात्या, मी नीट दाबलं होतं, तुमच्यासमोर पुन्हा दाबतो." त्याने पुन्हा दाबले, पुन्हा 2217.31. तेव्हा माझे लक्ष पडद्याच्या वरच्या कडेला गेले. तिथे मुंगीएवढे इंग्रजी 'जी' हे अक्षर होते. असायला हवे होते 'डी'.

घरातल्या धाकट्या पोरीने खेळताना बटणे दाबली होती. यंत्राने ती मुकाट्याने मानली होती. सूत्र बरोबर, टेप बरोबर, कोन बरोबर, पोरगा प्रामाणिक, आणि तरी एक गुंठा गायब. पुस्तिकेच्या पहिल्याच पानांवर ह्याचा खुलासा होता. पुस्तिका मात्र घरात नव्हती.

पहिला धडा : डी, आर आणि जी

कोन मोजण्याची तीन मापे कॅल्क्युलेटरला येतात. 'डी' म्हणजे अंश. त्यात काटकोनाचे 90 भाग. 'आर' म्हणजे रेडियन. पूर्ण वर्तुळ म्हणजे 2 गुणिले पाय. 'जी' म्हणजे ग्रेड. त्यात काटकोनाचे 100 भाग. म्हणून पोराने 75 लिहिले तेव्हा यंत्राने 75 ग्रेड, म्हणजे साडेसदुसष्ट अंश धरले. 'आर' असते तर उत्तर वजा 930 च्या आसपास आले असते. जमीन वजा कशी येईल? चूक लगेच कळली असती. 'जी'ने मात्र पटण्यासारखा आकडा दिला, आणि पटण्यासारखी चूकच जास्त नडते.

दुरुस्ती सोपी आहे. कॅसिओच्या एफएक्स-82एमएस मॉडेलात 'मोड' दोनदा दाबून 1 दाबला की अंश लागतात. एफएक्स-991ईएस मॉडेलात 'शिफ्ट', मग 'मोड', मग 3. दुसऱ्या मॉडेलांत वाट वेगळी असते, आणि ती आपल्या पुस्तिकेतच सापडते. सगळेच बिघडले आहे असे वाटले तर मूळ स्थितीवर आणण्याची युक्तीही पुस्तिकेत दिलेली असते.

परीक्षा अशी घ्यावी : साइन 30 दाबा. 0.5 आले तर यंत्र अंशांत आहे. 0.4539 आले तर ग्रेडमध्ये, वजा 0.988 आले तर रेडियनमध्ये. पेरणीआधी बियाणे हातात घेऊन बघतो ना आपण? तशी ही साइन 30 ची सवय ठेवावी.

दुसरा धडा : कंस आणि उसाचे बिल

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्र सरकारने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलला 355 रुपये, म्हणजे टनाला 3550 रुपये आहे. उतारा त्यापेक्षा जास्त असेल तर दर 0.1 टक्क्याला टनामागे 34 रुपये 60 पैसे वाढतात. कमी असेल तर त्याच मापाने घटतात, पण साडेनऊ टक्के किंवा त्याखाली उतारा गेला तरी दर 3290 रुपये 50 पैशांच्या खाली जात नाही.

उदाहरणापुरता उतारा 10.60 धरू. हिशेब असा :

3550 + 34.60 × (10.60 − 10.25) ÷ 0.1 = 3671.10

कंस दाबलेच पाहिजेत. का, ते बघा. कंस न घालता तीच बटणे सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर दाबली तर उत्तर येते 3814.26. टनाला 143 रुपये 16 पैसे जास्त! आकडा कसा झकास दिसतो. सभासद ते घेऊन गटकार्यालयात जातो, भांडतो आणि तोंडघशी पडतो. तीच बटणे किराणा दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर दाबली तर उत्तर येते 3,79,865.10. टनाला पावणेचार लाख! हे कोणालाही खोटे कळते.

असा फरक का पडतो? साधा कॅल्क्युलेटर आल्या क्रमाने हिशेब करतो. 2 + 3 × 4 ला तो 20 म्हणतो. सायंटिफिक आधी गुणाकार-भागाकार करतो, मग बेरीज-वजाबाकी, म्हणून तो 14 म्हणतो. शाळेतला कंस-गुणाकाराचा नियम तो पाळतो, पण कंस कुठे घालायचा हे त्याला आपणच सांगायचे. पुस्तिकेत 'क्रियांचा अग्रक्रम' नावाचे एक पान असते. रटाळ दिसते, पण पैशाचे पान तेच. आणखी एक : कंसाआधी गुणिलेचे चिन्ह गाळू नका. ते गाळले तर काही मॉडेले वेगळे उत्तर देतात.

पुढचे बिल आता सोपे. 3671.10 मधून तोडणी-वाहतूक वजा करायची. समजा ती टनाला 850 रुपये आली, उरले 2821.10. आपल्या तीन पावत्यांवर वजन आहे 15.820, 16.245 आणि 15.320 टन. प्रत्येक वजन लिहून 'एम प्लस' दाबत जा. शेवटी मेमरी बोलवा, 47.385 टन. मात्र सुरुवातीला मेमरी रिकामी आहे ना ते बघा, नाहीतर कालचा ऊस आजच्या बिलात चढतो! 2821.10 × 47.385 केले की 1,33,677 रुपये 82 पैसे.

पण 'बरोबर'चे बटण दाबण्याआधी तोंडी अंदाज केलाच पाहिजे. 47 टन, अठ्ठावीसशेचा भाव; म्हणजे सव्वा लाखाच्या पुढे, दीड लाखाच्या आत. उत्तर ह्या दोन बांधांच्या मधे पडले तर ठीक. तेरा लाख किंवा तेरा हजार आले तर दशांश टिंब घसरले समजा. आमच्या पिढीला पावकी-दिडकी पाठ होती ती ह्याच कामाची. यंत्र आले म्हणून ती टाकून द्यायची नाही.

तिसरा धडा : चौदा दिवस आणि पंधरा टक्के

ऊस (नियंत्रण) आदेश, 1966 प्रमाणे ऊस दिल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात. त्यापुढे उशीर झाला तर त्या जास्तीच्या दिवसांवर द. सा. द. शे. 15 टक्के व्याज देय होते. हे आपण ऐकून असतो. आकडा किती होतो ते क्वचित काढतो. वरचे बिल चौदा दिवसांनंतर आणखी 40 दिवस थांबले असे धरू :

133677.82 × 15 × 40 ÷ 36500 = 2197.44

दिवस मोजताना प्रत्येक पावतीची तारीख वेगळी, हे विसरू नये. कोणी विचारील की कारखान्याच्या पत्रिकेत हे कशाला? कारखाना सभासदांचा आहे, म्हणून. ज्याला आपला हिशेब कळतो तो सभासद सभेत आवाज चढवत नाही. कागद पुढे करतो. आणि कारखान्याचा आकडा बरोबर असेल तर तोही मोकळेपणाने मान्य करतो.

चौथा धडा : घाताचे बटण आणि सावकाराचे 'शेकडा तीन'

सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर एक्सच्या डोक्यावर लहान वाय असे, किंवा टोपीसारखे चिन्ह असते. ते घाताचे बटण. पोरे ते परीक्षेपुरते वापरतात. आपण ते व्याजासाठी वापरू.

गावात 'शेकडा तीन' म्हटले की महिन्याला शंभराला तीन रुपये. ऐकायला हलके वाटते. व्याज थकून मुदलात चढत गेले तर एका वर्षात काय होते? 1.03 लिहा, घाताचे बटण, 12, बरोबर. उत्तर 1.4258. म्हणजे शंभराचे 142 रुपये 58 पैसे; वर्षाला साडेबेचाळीस टक्के! आता 12 च्या जागी 24 घाला : 2.0328. दोन वर्षांत कर्ज दुप्पट. दहा हजार घेतले तर 20,327 रुपये 94 पैसे.

एवढे चार बटणांचे काम आहे. अंगठा उठवण्याआधी ज्याने ते केले, त्याचा हात नक्की थबकतो. लग्नाच्या हंगामात आणि दुष्काळी सालात हे बटण घरातल्या बाईमाणसालाही माहीत असावे, कारण अशा वेळी अंगावरचा दागिना आधी तिचाच जातो.

पाचवा धडा : चार बाजूंचे शेत आणि भास्कराचार्य

तीन बाजूंवरून क्षेत्रफळ काढण्याची रीत अशी. तिन्ही बाजूंची बेरीज करून अर्धी करा. त्या अर्ध्यातून प्रत्येक बाजू वेगवेगळी वजा करा. अर्धे आणि तिन्ही बाक्या, असा चार आकड्यांचा गुणाकार करून त्याचे वर्गमूळ घ्या. वरच्या तुकड्यात बेरीज 226.7, अर्धी 113.35 :

√(113.35 × 33.35 × 53.35 × 26.65) = 2318.33

इथेही वर्गमूळाच्या चिन्हानंतर कंस उघडायचा, नाहीतर जुन्या मॉडेलांत नुसत्या पहिल्याच आकड्याचे मूळ निघते.

शेत चौकोनी असेल तर? आपल्याकडे समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढून गुणाकार करतात. 80, 60, 80, 60 मीटरच्या शेताचे असे 4800 चौरस मीटर, म्हणजे 47.44 गुंठे होतात. पण शेत झुकलेले असेल, आणि मधला कर्ण 86.7 मीटर असेल, तर ते दोन तिकोन झाले. प्रत्येकी 2318.33, मिळून 4636.66 चौरस मीटर, म्हणजे 45.83 गुंठे. दीड गुंठ्याहून अधिक जमीन कागदावरच वाढली होती!

ही गोष्ट नवी नाही. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त बजावले आहे की नुसत्या चार बाजू सांगून क्षेत्रफळ विचारणे चुकीचे. कर्ण किंवा लंब सांगितलाच पाहिजे. चार काठ्यांची चौकट करून एका बाजूने दाबून बघा. काठ्या त्याच राहतात, आतली जागा कमी होते. म्हणून टेप धरताना पाचवे माप, कर्णाचे, घेतल्याशिवाय बांध सोडू नका. ते माप नसेल तर कोणताही कॅल्क्युलेटर खरे उत्तर देणार नाही.

पुस्तिका कशी वाचावी?

यंत्राचा इतिहास फार जुना नाही. खिशात मावणारा पहिला सायंटिफिक कॅल्क्युलेटर अमेरिकेच्या ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने 1972 साली काढला. त्याला 35 बटणे होती म्हणून नाव एचपी-35, आणि किंमत 395 डॉलर. त्याआधी इंजिनियर मंडळी लॉगची कोष्टके आणि सरकपट्टी वापरीत. आज तसले यंत्र शाळकरी पोराच्या दप्तरात असते. यंत्र स्वस्त झाले तरी शिकण्याची मेहनत तेवढीच राहिली आहे.

पुस्तिका कादंबरीसारखी वाचायची नाही. यंत्र हातात घेऊन वाचायची. क्रम असा ठेवा :

1. आधी मूळ स्थितीवर आणण्याचे, मग कोनाच्या मापाचे, मग अग्रक्रमाचे पान.
2. पुस्तिकेतले छापील उदाहरण जसेच्या तसे दाबा. उत्तर जुळले पाहिजे. जुळले नाही तर पुढे जाऊ नका.
3. मग त्याच उदाहरणात आपल्या पावतीचा, आपल्या शेताचा आकडा घाला.
4. 'मॅथ एरर' आले तर न होणारे गणित सांगितले, जसे शून्याने भागाकार. 'सिंटॅक्स एरर' आले तर बटणांचा क्रम चुकला. यंत्र बिघडले नाही, घाबरू नका.
5. पुस्तिका खोक्यात नको. रेशनकार्ड आणि सात-बाराच्या पिशवीत ठेवा.

इंग्रजी अडते? घरातल्या लेकराला मोठ्याने वाचायला लावा, आपण आकडे द्या. त्याला बटणे येतात आणि आपल्याला व्यवहार. एकमेकांजवळ बसल्याशिवाय दोघांचेही पुरे होत नाही.

बोटांना सवय लागावी म्हणून एक गंमत सांगतो. देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांनी 1949 साली एक शोध जगापुढे मांडला. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या. मोठ्यातून लहान वजा करा. तेच पुन्हा पुन्हा करा. समजा 3524 : 5432 − 2345 = 3087. मग 8730 − 0378 = 8352. मग 8532 − 2358 = 6174. आता कितीही करा, 6174 च येते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथे पोचता. मास्तरांनी हे नुसत्या चिकाटीने शोधले. घरातल्या पोरांना लावून द्या. मोबाइल हातातून सुटतो की नाही बघा.

त्या तिकोनी तुकड्याचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. यंत्र 'डी'वर आणून पोराने तेच गणित पुन्हा केले : 2318.22. तीन बाजूंच्या हिशेबाशी हातभराचा फरक. थोरल्याने पुतण्याला जवळ ओढले आणि म्हणाला, "लेका, चूक तुझी नव्हती. पण टेपची तिसरी बाजू मी धरली नसती, तर जन्मभर दोघांच्या मनात राहिलं असतं." कागद 22.92 गुंठ्यांचा झाला. धाकट्याने एका गुंठ्याचे जास्तीचे पैसे तिथेच मोजून दिले.

घरी करण्याची गणिते

1. तिकोनी शेताच्या बाजू 50, 60 व 70 मीटर. क्षेत्र किती गुंठे?
2. उतारा 9.80 टक्के आला तर 2025-26 च्या दराने टनाची एफआरपी किती?
3. विहिरीचा व्यास 8 मीटर, पाणी 5 मीटर खोल. पाणी किती लिटर? (पायचे बटण व वर्गाचे बटण वापरा. व्यासाचे अर्धे घ्यायला विसरू नका.)
4. शेकडा दोनने दहा हजार घेतले, व्याज मुदलात चढत गेले. 12 महिन्यांनी किती देणे?

उत्तरे : (1) 14.53 गुंठे. (2) 3394 रुपये 30 पैसे. (3) 2,51,327 लिटर. (4) 12,682 रुपये 42 पैसे.

उत्तर जुळले नाही तर आधी पडद्याच्या वरच्या कडेला बघा, मग कंस बघा, मग पुस्तिका उघडा. आणि जुळले तर शेजारच्या सभासदाला एक गणित शिकवा.